थळ

खुटबाव स्टेशन, १ मार्च २०२३

शटलला अजून अवकाश आहे. फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर तुम्ही बसला आहात, पिशवी मांडीवर, मोबाइल हातात. वाऱ्याबरोबर गुऱ्हाळाचा वास येतो, उकळत्या रसाचा, गोड आणि थोडा करपट. या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला त्या वासावरून डोळे मिटूनही घर सापडतं.

मोबाइलवर दिवसभर एकच बातमी फिरते आहे. कोल्हापुरात खासदार संजय राऊत यांनी विधिमंडळाला ‘चोरमंडळ’ म्हटलं. मुंबईत सभागृहात गदारोळ झाला, भाजपचे अतुल भातखळकर यांनी हक्कभंगाची सूचना दिली आणि विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी पंधरा जणांची विशेषाधिकार समितीही नेमली. समितीचे प्रमुख राहुल कुल, आमदार, दौंड.

‘दौंड’ वाचून तुम्ही बातमी पुन्हा वर सरकवता. आपलेच आमदार. त्यांचं राहू गाव काही इथून लांब नाही. २०१९ साली त्यांनी ज्यांना हरवलं ते रमेशअप्पा थोरात तर याच खुटबावचे. दोन लाखांहून जास्त मतं पडली आणि फरक राहिला अवघा ७४६ मतांचा. त्या निकालावर गावात अजून दोन तट पडतात.

बाकावर शेजारी एक आबा बसले आहेत. धोतर, टोपी, हातात काठी.

“काय म्हणतीय मुंबई?”

“हक्कभंग झालाय, आबा. निवाडा आपल्या आमदारांच्या कमिटीकडं आलाय.”

“हक्क कुणाचा?”

“सभागृहाचा.”

“मंजी ह्यांचाच. तक्रार कुणी केली?”

“सभागृहातल्याच आमदारानं.”

“अन् निवाडा करणार?”

“सभागृहच.”

आबा तळहातावरचा चुना बोटानं मळतात. “मग त्या राऊतानं थळ बदलून मागायचं.”

थळ? शब्द तुम्हाला नवा आहे. विचाराल तोवर गाडी येते. तुम्ही चढता, खिडकी धरता. येवत यायला हवं, उरुळी यायला हवी. पण खिडकीबाहेरचा ऊस विरत जातो आणि धुकं सुरू होतं. नदीकाठचं, कोळशाच्या धुरात मिसळलेलं थंड धुकं.

वेस्टमिन्स्टर, ४ जानेवारी १६४२

तुमच्या पायाखाली दगडी फरशी आहे. इकडे पुण्याच्या जहागिरीत शिवबांचं बारावं वर्ष सरत आलेलं, आणि इथं लंडनच्या कॉमन्स सभागृहाच्या दाराशी शस्त्रधारी शिपाई उभे आहेत. राजा चार्ल्स पहिला स्वतः आत शिरतो. त्याला पाच सभासद हवे आहेत. त्यांच्यावर त्यानं राजद्रोहाचा आरोप ठेवला आहे.

तुम्ही दाराच्या फटीतून बघता. राजा बाकांवरून नजर फिरवतो. पाखरं आधीच उडालेली. तो सभापती विल्यम लेंथॉल यांना विचारतो, ते पाच जण कुठं आहेत? लेंथॉल गुडघे टेकतात, आवाज मऊ ठेवतात आणि सांगतात की या जागेवर बसल्यावर त्यांना सभागृह दाखवील तेवढंच दिसतं आणि सभागृह सांगेल तेवढंच बोलता येतं. राजाला रिकाम्या हातानं परत जावं लागतं. त्यानंतर कामकाज चालू असताना इंग्लंडच्या कुठल्याही राजा-राणीनं कॉमन्सच्या सभागृहात पाऊल ठेवलेलं नाही.

आबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हाला इथं मिळतं. हा हक्क जन्मला तेव्हा समोर राजा होता, त्याच्या हातात फौज होती, आणि लोकांच्या वतीनं बोलणाऱ्या माणसाला कुंपण हवं होतं. उसाच्या फडाला डुकरांपासून लागतं तसं.

भीमथडी, त्याच शतकात

आता माती ओळखीची आहे. दौंडच्या या मुलखाला तेव्हा भीमथडी म्हणतात. वडाच्या पारावर गोत जमलं आहे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि आजूबाजूच्या गावांचे मोकदम. पाटीलकीच्या वडिलकीवरून दोन भाऊबंदांचा तंटा आहे. कुणाचा मान आधी, पानसुपारी कुणाला पहिली, पोळ्याला कुणाचे बैल पुढं.

तुम्ही मागच्या रांगेत उकिडवे बसता. दोघांकडून आधी तक्रीर घेतली जाते, म्हणजे लेखी जबानी. मग जामीन. मग राजीनामा. हा आजचा राजीनामा नव्हे. निवाडा होईल तो मान्य करीन, असं राजीखुशीनं लिहून द्यायचं. तो कागद झाल्याशिवाय गोत पुढं सरकत नाही.

मध्येच एक जण उठतो. हात जोडतो, पण आवाज चढलेला आहे. इथं जमलेली निम्मी भावकी समोरच्याची सोयरी आहे, इथं मला न्याय मिळायचा नाही, मला दुसरं थळ द्या.

कुणी त्याला दरडावत नाही. गोताचा अवमान केलास, असं कुणी म्हणत नाही. थळ म्हणजे न्याय मागायची जागा. वादी-प्रतिवादींना ती बदलून मागता येते. दुसऱ्या गावच्या गोतापुढं, दुसऱ्या परगण्यात, नदीकाठच्या क्षेत्री. गोतातली जाणती माणसं आपापसांत बोलतात आणि तंटा दुसरीकडं पाठवायचं ठरतं.

या पाराला सोनं लावायचं कारण नाही. इथं बसायची जागा जातीवरून ठरते, बायका बाहेर आहेत, आणि साक्षीदाराला खोटं बोललास तर बेचाळीस कुळं नरकात जातील असा धाक आहे. तरी एक गोष्ट या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांना पक्की ठाऊक आहे. ज्याचं भांडण त्यानंच निवाडा केला, तर तो निवाडा टिकत नाही.

शेवटी महजर लिहिला जातो. सही येणारे थोडेच. बाकीचे निशाणी करतात. पाटलाचा नांगर कागदावर उमटतो, आणि इतरांची आपापल्या अवजारांची चित्रं. तुम्ही ती ओळ बघत राहता. हातातलं काम हीच माणसाची सही.

दिल्ली, २६ जानेवारी १९५०

इथं फार वेळ थांबायचं नाही, फक्त एक पान वाचून घ्या. राज्यघटनेचा १९४ वा अनुच्छेद. संसदेसाठी १०५ वा, राज्यांच्या विधिमंडळांसाठी हा. पहिलं कलम म्हणतं, सभागृहात भाषणाचं स्वातंत्र्य आहे. दुसरं म्हणतं, सभागृहात जे बोललं त्याबद्दल आमदाराला कोर्टात खेचता येणार नाही.

हे दुसरं कलम तुमच्या कामाचं आहे. खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन लांबलं, वरच्यावर पाणी कुणी पळवतं असं तुम्हाला वाटलं, तर तुमचा आमदार सभागृहात उभा राहून बड्यात बड्या माणसाचं नाव घेऊ शकतो. त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लागणार नाही. तेच वाक्य तुम्ही चावडीवर बोललात तर लागू शकतो. म्हणजे हा हक्क आमदाराच्या अंगावर असला तरी त्याचं सूत तुमच्या घरचं आहे.

गोम तिसऱ्या कलमात आहे. बाकीचे विशेषाधिकार कोणते? विधिमंडळ कायदा करून ठरवीपर्यंत ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाचे जे असतील ते. ही उसनवार थोड्या दिवसांची असेल, असंच तेव्हा वाटलं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ‘कॉमन्स’चं नाव तेवढं काढलं. अधिकारांची यादी करणारा कायदा मात्र झालाच नाही. आपल्या अधिकारांची हद्द स्वतःहून कोण आखून घेईल? बांध कोरायची सवय आपल्याकडं शेतकऱ्यालाच असते असं नाही.

मुंबई, ११ मार्च १९५२

‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे दिनशा होमी मिस्त्री यांच्या दाराशी पोलीस आले आहेत. तुम्ही जिन्यात उभे. वॉरंट मुंबईतलं नाही. ते उत्तर प्रदेश विधानसभेच्या अध्यक्षांचं आहे, नफीसुल हसन यांचं. छापलेल्या मजकुरानं तिथल्या सभागृहाचा हक्कभंग झाला, असं म्हणणं. मिस्त्रींना मुंबईतून उचलून लखनौला नेतात आणि तिथं अध्यक्षांच्या ताब्यात ठेवतात.

तुम्ही बोटं मोजता. एक दिवस, दोन, चार, सात. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढं न्यायला हवं, असं राज्यघटनेचा २२ वा अनुच्छेद सांगतो. मिस्त्रींना कुणी नेलेलं नाही. १८ मार्चला सर्वोच्च न्यायालय एवढ्या एकाच मुद्द्यावर त्यांना सोडतं. सभागृहाचा मान मोठा की लहान, या वादात न्यायालय शिरतच नाही. घड्याळ बघतं आणि दार उघडतं.

‘ब्लिट्झ’ची गाठ एवढ्यावर सुटत नाही. नऊ वर्षांनी, २९ ऑगस्ट १९६१ ला, संपादक रुसी करंजिया यांना लोकसभेपुढं उभं करून ताकीद दिली जाते. आचार्य कृपलानींवरच्या लेखाबद्दल.

लखनौ, १४ मार्च १९६४

हा मुक्काम मोठा आहे, बूड टेकून बसा.

गोरखपूरचा केशव सिंह. त्यानं एका आमदाराच्या गैरकारभाराबद्दल पत्रक काढलं. विधानसभेनं ठरवलं, हक्कभंग झाला, ताकीद घ्यायला लखनौला ये. तो आला नाही. का? गाडीभाड्याला पैसे नाहीत, म्हणाला.

खुटबावच्या फलाटावरून चढलेल्या तुम्हाला हे लगेच कळतं. सभागृहाचं बोलावणं आणि खिशातलं तिकीट यांचं नातं ज्याला माहीत नाही, त्याला हा बहाणा वाटेल. विधानसभेला बहाणाच वाटला. माणूस धाडून त्याला गोरखपूरहून धरून आणलं.

आता तो सभागृहाच्या कठड्यापाशी उभा आहे. अध्यक्ष त्याला नाव विचारतात. केशव सिंह अध्यक्षांकडं पाठ करतो. विचारलेल्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. त्यानं आधी पाठवलेलं पत्र वाचून दाखवलं जातं. भ्रष्टाला भ्रष्ट म्हणायला मी कचरत नाही, आणि हे बोलावणं म्हणजे नादिरशाही फर्मान आहे, असा त्याचा सूर. सभागृह त्याच दिवशी सात दिवसांच्या कैदेचा ठराव करतं.

पुढचे दिवस तारखांनीच मोजावे लागतात. १९ मार्चला त्याच्या वतीनं वकील सॉलोमन उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाकडं अर्ज करतात. न्यायमूर्ती बेग आणि सहगल जामीन देतात. २१ मार्चला विधानसभा ठराव करते की केशव सिंह, वकील आणि हे दोन्ही न्यायमूर्ती यांनी मिळून सभागृहाचा अवमान केला आहे. न्यायमूर्तींना ताब्यात घेऊन सभागृहापुढं आणा. दोन न्यायाधीशांना बेड्या घालायची ही भाषा! न्यायमूर्ती त्याच न्यायालयात धाव घेतात. २३ मार्चला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे अठ्ठावीस न्यायाधीश एकत्र बसतात आणि ठरावाला स्थगिती देतात.

एका पत्रकापासून निघालेली गोष्ट राष्ट्रपतींपर्यंत पोचते. ते सर्वोच्च न्यायालयाकडं मत मागतात. सात न्यायमूर्ती बसतात आणि मधल्या खुर्चीवर आहेत सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. साताऱ्याचा जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण. ३० सप्टेंबर १९६४ ला सहा विरुद्ध एक अशा बहुमतानं मत येतं. नागरिकाला कैद झाली तर ती बेकायदा आहे का हे तपासायचा अधिकार न्यायालयाला आहे. अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधीशांनी सभागृहाचा अवमान केलेला नाही. भारतात सार्वभौम सभागृह नव्हे, राज्यघटना आहे, असा त्या साऱ्याचा मथितार्थ.

तुम्ही मनात म्हणता, झालं, थळ मिळालं!

घाई करू नका. उच्च न्यायालय १९६५ मध्ये मूळ अर्ज ऐकतं आणि शिक्षा योग्यच ठरवतं. केशव सिंहची सातातली एक दिवसाची कैद उरलेली असते. अठ्ठावीस न्यायाधीश, सात न्यायमूर्ती, राष्ट्रपती, एवढं सगळं त्याच्या नावानं घडून गेल्यावर तो ती भोगायला परत आत जातो. थळ मागता येतं, एवढं त्यानं देशाला मिळवून दिलं. त्याला स्वतःला मात्र शिक्षेतला एक दिवसही सुटला नाही.

मुंबई, नरिमन पॉइंट, १९ एप्रिल १९८१

नव्या विधान भवनाचं उद्घाटन. गर्दीतून मान उंच करून बघा. फीत कापायला आलेल्या पंतप्रधान इंदिरा गांधी. यांनाच १९ डिसेंबर १९७८ ला लोकसभेनं हक्कभंगाबद्दल सदस्यत्वावरून काढून अधिवेशन संपेपर्यंत तिहारला धाडलं होतं. मारुती प्रकरणी माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना अडवलं, हा ठपका. सत्ता फिरली, सभागृह बदललं. आजपासून अठरा दिवसांनी, ७ मे १९८१ ला, नवी लोकसभा तो जुना ठराव रद्द करणार आहे. तिहारमधला आठवडा काही परत मिळणार नाही, पण बहुमत फिरलं की गुन्हाही गुन्हा राहत नाही, हे इथं तुम्हाला दिसतं. गावात सरपंच बदलला की आधीच्याच्या रस्त्याची चौकशी लागते, तसंच काहीसं.

ज्यांच्याकडून हे उसनं आणलं, त्यांचं काय? त्यांनी सभासद नसलेल्या माणसाला कठड्यापुढं उभं केलं ते शेवटचं जानेवारी १९५७ मध्ये, ‘संडे एक्स्प्रेस’चे संपादक जॉन ज्युनर यांना. कैदेत तर त्यांनी १८८० मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ या सभासदाला घड्याळाच्या मनोऱ्यात ठेवलं, आणि त्यानंतर कुणालाही नाही. हेच ब्रॅडलॉ १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. सासरहून आणलेलं जातं सासरच्यांनी माळ्यावर टाकलं आणि आपण मात्र त्यावर रोज दळतो आहोत.

मुंबई, मार्च २००८

त्याच इमारतीत आत चला. पास दाखवा, मोबाइल बाहेर ठेवा. प्रेक्षक गॅलरीत टाळी वाजवायची नाही, बोट दाखवायचं नाही, पत्रकं फेकायची तर मुळीच नाही. गॅलरीतून केलेला गोंधळ हाही सभागृहाचा अवमान, आणि त्याचा निवाडा खाली बसलेले लोकच करतील.

खाली ठराव चालू आहे तो एका राज्य निवडणूक आयुक्ताविषयी. नंदलाल त्यांचं नाव. निवडणुकीचे अधिकार कुणाचे, या वादातून प्रकरण विशेषाधिकार समितीकडं गेलं. समितीनं बोलावलं, पण आपण घटनात्मक पदावर आहोत या भूमिकेवर ते अडून बसले. शिक्षा, दोन दिवसांची कैद. ज्यांच्या देखरेखीखाली गावोगावच्या निवडणुका होतात, त्या माणसाची गाडी आर्थर रोडकडं वळते.

तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीत सावरून बसता आणि रीत समजून घेता. आमदार आधी लेखी सूचना देतो. घटना ताजी हवी, मुद्दा एकच हवा. अध्यक्षांना प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर प्रकरण समितीकडं. समिती खुलासा मागवते, बंद दाराआड बसते, अहवाल देते, आणि शेवटी सभागृह मत घेतं. शिक्षांची उतरंड अशी: समज, ताकीद, अधिवेशन संपेपर्यंत कैद, आणि सभासद असेल तर निलंबन किंवा हकालपट्टी. बहुतेक प्रकरणं दिलगिरीवर मिटतात. कितीतरी तर समितीच्या कपाटातच निवतात.

रीत वाईट नाही. अध्यक्षांची चाळणी आहे, खुलाशाची संधी आहे. पण प्रत्येक पायरीवर चेहरे त्याच घरचे. तक्रारदार सभासद, पंच सभासद, अहवालावर हात वर करणारे सभासद, आणि हुकूम बजावणारे त्यांचेच मार्शल.

विधान भवन, २०२० ते २०२२

इथून पुढं गाडी पटापट थांबे घेते.

नोव्हेंबर २०२०. पत्रकार अर्णब गोस्वामी यांच्याविरुद्ध विधानसभेत हक्कभंगाची सूचना आहे. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हा विधिमंडळ सचिवालयातून त्यांना पत्र गेलं की सभागृहाच्या गोपनीय नोटिसा न्यायालयात का दाखल केल्या. ६ नोव्हेंबरला सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाला हे पत्र फारच झोंबतं. न्यायालयात यायची कुणाला भीती घालता येईल का, असं विचारत ते पत्र लिहिणाऱ्यालाच न्यायालयीन अवमानाची नोटीस काढतात. थळ मागणं हाच गुन्हा ठरवायला निघाल्यावर दुसरं काय होणार?

५ जुलै २०२१. भाजपच्या बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित करणारा ठराव. तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्याशी दालनात गैरवर्तन केल्याचा आरोप. हा हक्कभंग नव्हे, शिस्तभंग. पण घर तेच, पंच तेच. २८ जानेवारी २०२२ ला न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या पीठानं चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन रद्द केलं. त्यामागचा विचार साधा आहे. आमदाराला काढून टाकलं तर पोटनिवडणूक होते, जागा भरते. वर्षभर नुसतं बाहेर बसवलं तर मतदारसंघ मुका होतो, आणि मतदारांनी तर काही केलेलं नाही.

त्या बारांमधल्या एका नावापाशी तुम्ही थबकता. अतुल भातखळकर. वीस महिन्यांनी राऊतांविरुद्ध सूचना देणारे हेच. आज ज्याच्या पाठीवर काठी, उद्या ती त्याच्याच हातात. या घरात जागा अशाच फिरत राहतात, काठी मात्र कोपऱ्यात कायम उभी.

विधान भवन, मार्च २०२३

पुन्हा त्याच महिन्यात आलात. समितीच्या खोलीचं दार बंद आहे, तुम्हाला आत जाता येत नाही. बाहेर कानावर येतं तेवढंच. राऊतांचं म्हणणं असं की आपला रोख एका विशिष्ट गटावर होता, सभागृहावर नव्हे. आणि आक्षेप असा की तक्रार करणाऱ्यांनाच समितीत घेतलं आहे. भीमथडीच्या पारावर उठलेला तो माणूस तुम्हाला आठवतो. शब्द निराळे, गाऱ्हाणं तेच.

त्यातच राऊत पाटसच्या भीमा सहकारी साखर कारखान्यावरून कुल यांच्यावर आरोप करतात. कुल ते फेटाळून लावतात. त्या आरोपांचं खरंखोटं ठरवायची जागा ही नव्हे. पण समितीचा प्रमुख आणि समितीपुढचा माणूस एकमेकांवर जाहीर बोलत असताना निवाडा कितीही चोख झाला, तरी निम्मा महाराष्ट्र तो मानणार नाही. न्याय करणाऱ्याची नियत चांगली असून भागत नाही. समोरच्यालाही ती दिसावी लागते, आणि त्यासाठी थोडं अंतर लागतं.

अधिवेशनाच्या अखेरीस, २५ मार्चला, प्रकरणाचा कागद मुंबईतून बाहेर पडतो. राऊत राज्यसभेचे सभासद. एका सभागृहाच्या सभासदानं दुसऱ्याचा हक्कभंग केला तर प्रकरण त्याच्या स्वतःच्या सभागृहाकडं पाठवायचं, असा प्रघात. विधानसभा अध्यक्ष आणि विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे ते राज्यसभेच्या सभापतींकडं पाठवतात.

तुम्हाला हसू येतं. थळ बदललं की! आबा म्हणाले तसंच झालं.

पण मुंबई-दिल्लीच्या अंतराएवढी एक गोष्ट त्यात राहून जाते. राऊतांना जायला दुसरं घर होतं. केशव सिंहला नव्हतं. तुम्हाला नाही. उद्या तुम्ही गावच्या ग्रुपवर कुणा आमदाराबद्दल काही लिहिलं आणि ते सभागृहाला लागलं, तर तुमचं प्रकरण पाठवायला खुटबावचं वेगळं सभागृह कुठं आहे? तुमच्यासाठी उरतं ते न्यायालय, आणि तिथवर पोचायचं गाडीभाडं.

विशेषाधिकाराच्या त्या कुंपणालाही हद्द आहे, हे वर्षभरात पुन्हा एकदा लिहून ठेवलं जातं. ४ मार्च २०२४ ला सात न्यायमूर्तींचं पीठ ठरवतं की मत देण्यासाठी किंवा भाषण करण्यासाठी लाच घेतली तर विशेषाधिकाराच्या आड लपता येणार नाही. पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं कनेरसर. १९९८ चा उलटा निकाल त्यांनी मोडून काढला. फड राखायला घातलेलं कुंपण कुणी गांजा झाकायला वापरू लागलं, तर ते बाजूला सारून बघायलाच हवं. राहिलंय ते एवढंच की कुंपणाची मोजणी अजून सरकारी नकाशावर उतरलेली नाही. काय हक्क, किती हक्क, भंगला तर निवाडा कुणी करायचा, आणि तक्रारदारानं तेवढ्यापुरतं उठून बाहेर बसायचं की नाही, हे लिहिणारा कायदा. १९५० पासून जागा मोकळी आहे.

खुटबाव, २० नोव्हेंबर २०२४

गाडी तुम्हाला सोडून जाते. हवेत गारवा आहे. शाळेच्या आवारात रांग लागली आहे, बायकांची वेगळी, बाप्यांची वेगळी. पुढून तिसरे आबा, काठीवर भार टाकून.

“आबा, तुम्ही विचारलं होतं, हक्क कुणाचा?”

“मग? घावलं का?”

“आपला आहे. आपण पाच वर्षांसाठी उसना देतो.”

आबा मान हलवतात. त्यांना हे नवीन दिसत नाही.

“आणि थळ हा शब्द तुम्हाला कुठून माहीत?”

“आमच्या आज्याच्या दप्तरात होता. जुन्या वाटणीचा कागद. तळाला नांगर काढलेला, सहीच्या जागी.” ते रांगेत एक पाऊल सरकतात. “आज्याला काही लिहिता येत नव्हतं. पण कागद टिकला बघ.”

त्यांची पाळी येते. नाव पुकारलं जातं, ओळखपत्र बघितलं जातं, डाव्या तर्जनीवर शाईची रेघ ओढली जाते. ते पुठ्ठ्याच्या आडोशाला जातात आणि बराच वेळ घेतात. यंत्राची लांब शिट्टी ऐकू येते.

बाहेर आल्यावर ते बोट उन्हात धरतात. शाई अजून ओली आहे. धोतराला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून, फाटकाशी उभे राहून ते ती वाळायची वाट बघतात. मग तुमचं नाव पुकारलं जातं.